गायी नदीत उतरतात तेव्हा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील मोटुएका नदीचे खोरे दोन हजार चौरस किलोमीटरहून थोडे मोठे. २००० साली तेथे एकात्मिक खोरे व्यवस्थापनाचे संशोधन सुरू झाले आणि जलशास्त्रज्ञ, सागरी जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, स्थानिक प्रशासन, माओरी समाज व शेतकरी एकत्र बसू लागले. कलावंतांनाही या कामात स्थान मिळाले, हे विशेष.

शेरी या उपनदीवरचा अभ्यास मुळातून समजून घ्यावा असा आहे. दुभत्या २४६ गायींचा कळप नदी ओलांडून पलीकडे जाताना संशोधकांनी पाण्याचे नमुने घेतले. ई. कोलाय जिवाणूंचे प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे ५०,००० पर्यंत चढले होते. वाटेवर गायी जितके शेण टाकतात, त्याच्या सुमारे पन्नासपट शेण दर मीटरमागे पाण्यात पडत होते.

हे आकडे शेतकऱ्यांपुढे मांडले गेले, त्यावर बोलणे झाले. पुढे त्यांनी गायींसाठी पूल बांधले. नुसत्या नियमाच्या कागदाने हे इतक्या सहज घडले नसते.

मोटुएकाचे पाणी तास्मान उपसागराला मिळते आणि तेथे कालव-शिंपल्यांचे उत्पादन घेतले जाते. त्यामुळे वरच्या अंगाला नदीत पडणाऱ्या शेणाशी सागरी शास्त्रज्ञांचाही थेट संबंध येतो.