हात आधी, स्पर्श नंतर

रमजानमध्ये असरच्या अजानीला मशिदीच्या हौदावर गर्दी होते. बाह्या वर सारून रोजेदार वजू करतात. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओल्या हाताने डोक्याला मसह आणि शेवटी पाय. बोटांच्या बेचक्याही सुटत नाहीत. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वजू नमाजच्या आधी करतात. हात मळलेले दिसोत वा न दिसोत, कोणासमोर उभे राहायचे आहे याचे भान त्यामागे असते.

इस्पितळात नेमके हे ‘आधी’च निसटते. डॉक्टर-परिचारिकांनी हात केव्हा स्वच्छ करावेत, याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सांगितले. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि सुई, सलाईन, मलमपट्टीसारख्या कामापूर्वी, हे दोन आधीचे. रक्त, थुंकी वगैरेंचा संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर आणि त्याच्या खाटेला किंवा सामानाला हात लागल्यावर, हे तीन नंतरचे. अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले, की नंतर हात धुणारे जास्त आणि आधी धुणारे कमी. रुग्णापासून आपल्याला लागण होईल ही भीती चटकन जाणवते. आपल्या हातून रुग्णाला लागण होईल, हे मनाला पटत नाही.

व्हिएन्नात 1847 मध्ये डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी हेच अनुभवले. शवविच्छेदन करून डॉक्टर थेट बाळंतिणींना तपासत. त्या एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात शंभरातल्या सुमारे 18 बाळंतिणी दगावल्या. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे होताच जूनमध्ये हे प्रमाण सुमारे दोनवर आले. तरीही दोष आपल्या हातांचा, हे अनेक डॉक्टरांनी मानले नाही.

स्वतःच्या धोक्याचा अंदाजही चुकतो. वापरलेली सुई टोचली की पहिली धास्ती एचआयव्हीची. प्रत्यक्षात बाधित रक्ताच्या सुईमुळे एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र शंभरात 30 पर्यंत असू शकते. त्यावर तीन डोसांची लस आहे; ती राहून जाते. वर्षानुवर्षे वॉर्डात काढली की भीती मरते. सुईला पुन्हा टोपण लावले जाते, मास्क हनुवटीवर येतो आणि ‘नशिबात असेल ते होईल’ हे वाक्य तोंडी बसते.

या वाक्याला इस्लामी इतिहासात जुने उत्तर आहे. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता तिकडे प्लेगची साथ असल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परतीचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहने ठरवलेल्या नशिबापासून पळता काय? उमर यांचे उत्तर असे, की होय, अल्लाहच्याच एका नशिबाकडून दुसऱ्या नशिबाकडे. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथे असल्यास बाहेर पडू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवणही तेव्हाच समोर आली. तवक्कुल, म्हणजे अल्लाहवर भरवसा, तो खबरदारी घेऊन ठेवायचा असतो.

रोजात सॅनिटायझर चालेल का, अशी शंका काहींना असते. त्वचेवर चोळल्याने रोजा तुटत नाही. बाहेरून जंतुनाशक म्हणून अल्कोहोल वापरण्यास मक्केतील फिक्ह परिषदेने 2002 मध्येच मुभा दिली आहे. मात्र वजू केली म्हणजे जंतू गेले, असेही नाही. त्यासाठी साबण किंवा सॅनिटायझरच हवे. वजूकडून घ्यायचे ते ‘आधी’चे भान.

बंद्यांचा हक्क, ‘हक्कुल इबाद’, फेडल्याशिवाय इबादत पुरी होत नाही. खाटेवरचा रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, स्वच्छ हातांवर त्याचा हक्क आहे. रात्रपाळीत सहरीचा घास घाईत खाऊन वॉर्डात परतणारी परिचारिका पहिल्या खाटेला हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबून तळहात, बेचक्या, अंगठे चोळते, तेव्हा तो हक्क फेडला जातो.