बर्फ पडत नाही, म्हणून कूलंट नको?

'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कूलंट परदेशातल्या गाड्यांना. पद्मिनीला नळाचं पाणी पुरतं.' जुन्या गाड्यांच्या मालकांकडून, आणि त्याहून ठामपणे त्यांच्या मेकॅनिककडून, हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते.

कूलंटमधलं ग्लायकोल पाणी गोठू देत नाही, हे खरं. पण त्यातच गंजरोधक द्रव्यंही असतात, आणि ती सोलापूरच्या मे महिन्यातही तितकीच लागतात. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे डाखाचे. हे सगळे धातू एकाच गरम, क्षारयुक्त पाण्यात बुडवले की ते एकमेकांना खातात. कुणाला शंका असेल तर एएसटीएम या अमेरिकी संस्थेची डी १३८४ ही चाचणी पाहा. तिच्यात नेमक्या याच धातूंच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पातळ केलेल्या कूलंटमध्ये ८८ अंश सेल्सिअसवर ३३६ तास ठेवतात, त्यात सतत हवा सोडतात आणि शेवटी प्रत्येक पट्टीचं वजन किती घटलं ते मोजतात. यात बर्फाचा संबंध कुठे आला?

हवा सोडतात, कारण गंजाला प्राणवायू लागतो. बंद पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर ताजं पाणी ओतणारे तो इमानेइतबारे पुरवत राहतात. बोअरचं पाणी असेल तर वर चुन्याचा थरही. मुळात पाणी रोज कमी का होतं, हे मात्र विचारायचं नाही!

ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून बघा. पुष्कळदा थेंबही येत नाही. तार खुपसली की आधी चॉकलेटी चिखल येतो, मग विटकरी पाणी. हा गाळ सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत तळाशी बसलेला असतो. तिथे पाणी पोचतच नाही आणि तापमानाचा काटा तरीही ठीक दाखवू शकतो.

बॅटरीचं पाणी शुद्ध म्हणून गंजत नाही? त्यानं क्षार टळतात, गंज नाही. नुसतं कूलंट, पाणी न घालता? ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं; निम्मं-निम्मं ठेवा, दोन वर्षांनी बदला. संडास साफ करायचं अ‍ॅसिड? ते अ‍ॅल्युमिनियमचं हेड खातं. गळती थांबवायला हळद? ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही थांबवते. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड? तुंबलेला रेडिएटर त्यानं मोकळा होत नाही.

'गंज काढला की गाडी गळायला लागते' यात मात्र तथ्य आहे. ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे प्लग आतून गंजून चाळण झालेले असतात आणि गाळानंच बुजलेले असतात. भोक धुण्यानं पडत नाही, दिसायला लागतं. प्लग स्वस्त असतात, एकदम सगळे बदलून घ्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमागचा काढायला त्रास देतो म्हणून तेवढा सोडू नका.