यंत्र थांबले, तरी चुंबक जागाच असतो

एम.आर.आय. तपासणी करायला सांगितली, की रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, त्यात किरणांचा त्रास नाही ना?" या तपासणीत क्ष-किरण वापरतच नाहीत. खरी काळजी घ्यायची ती लोखंडाची, आणि त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. त्यामागचे कारण आज समजून घेऊ.

१८२० मध्ये डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांना दिसले, की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. म्हणजेच वीज वाहू लागली, की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. तारेचे वेटोळे केले तर त्याचा जोर वाढतो. मध्ये लोखंड ठेवले तर आणखी वाढतो. लोखंडी खिळ्याभोवती लाखेचा लेप असलेली तांब्याची तार गुंडाळून तिची खरवडलेली टोके सेलला जोडा. खिळा टाचण्या उचलेल. तार सोडवली, की टाचण्या गळून पडतील. दारावरची विजेची घंटा याच तत्त्वावर वाजते.

एम.आर.आय. यंत्रातही वेटोळेच असते. मात्र बहुतेक यंत्रांत ते खास मिश्रधातूच्या तारेचे असून द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेले असते. इतक्या थंडीत ती तार विजेला मुळीच अडवत नाही. त्यामुळे एकदा सोडलेला प्रवाह बाहेरून वीज न देताही फिरत राहतो. तपासणी संपली, आवाज थांबला, दिवे गेले, तरी चुंबक चालूच! त्याची ताकद साधारण १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट असते.

आपल्या शरीरातील पाण्यात हायड्रोजन असतो. त्याची अणुकेंद्रे चिमुकल्या चुंबकांसारखी असतात. या क्षेत्रात त्यांना रेडिओ लहरींनी किंचित ढळवले, की पूर्ववत होताना ती संकेत देतात. त्यावरून संगणक चित्र तयार करतो. ठकठक आवाज येतो तो यंत्रातील दुसऱ्या वेटोळ्यांचा. त्यांतील वीज झपाट्याने बदलते आणि ती हादरतात.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर एम.आर.आय.च्या खोलीत नेले गेले. यंत्राने ते ओढून घेतले आणि ते नेणारा रुग्णाचा नातेवाईक प्राणास मुकला. म्हणून रुग्णाने आणि सोबतच्या माणसानेही पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) किल्ल्या, नाणी, पिना, पट्टा, घड्याळ, मोबाईल बाहेर ठेवावेत. सोने ओढले जात नाही, पण रेडिओ लहरींनी धातू तापू शकतो. म्हणून मंगळसूत्रासह सर्व दागिने काढावेत.

२) पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेले यंत्र, हाडातील सळई किंवा स्क्रू असल्यास आधी सांगावे. त्यांतले काही चालतात, काही नाही. शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत.

३) लेथ, ग्राइंडर किंवा वेल्डिंगचे काम करणाऱ्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला असेल, तर तो वर्षांपूर्वीचा असला तरी सांगावा. तो चुंबकाने हलला तर दृष्टी जाऊ शकते.

४) साधी चाकाची खुर्ची, स्ट्रेचर किंवा सिलिंडर तंत्रज्ञाच्या परवानगीशिवाय आत नेऊ नये. "यंत्र बंद आहे, जा आत," असे कोणी म्हटले तरी ऐकू नये.

एवढी काळजी घेतली, तर तपासणी निर्धास्तपणे करून घ्यावी.