यादीतून नावे का गळतात?
विंडोज संगणकावर युनिक्स पद्धतीची साधने वापरताना येणाऱ्या अडचणी

कर्जत तालुक्यातील वाड्यांवरच्या शिक्षकांना एक काम दरवर्षी करावे लागते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडतात व पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. शाळा उघडल्यावर गतवर्षीच्या पटावरील नावे आणि प्रत्यक्ष हजर झालेल्या मुलांची नावे ताडून पाहावयाची, आणि जे मूल आलेले नाही त्याच्या घरी चौकशीस जावयाचे, असा हा क्रम असतो. समजा, पोशीर परिसरातील काही शाळांच्या याद्या एकत्र करून ही ताडणी संगणकावर केली, आणि यंत्राने उत्तर दिले की गतवर्षीच्या मुलांपैकी एकही मूल आलेले नाही. समोर वर्ग भरलेला आहे. तेव्हा उत्तर चूक आहे हे कोणाच्याही ध्यानात येईल. परंतु यंत्राने केवळ एकच नाव गाळले तर? ते मूल वर्गात बसलेले असूनही कागदावर शाळाबाह्य ठरेल. किंवा एखादे खरोखरच न आलेले मूल चुकीच्या नावांच्या गर्दीत लपून राहील व त्याच्या घरी कोणी जाणार नाही. प्रस्तुत लेखात अशा चुका कोठून उद्भवतात आणि त्या कशा हुडकाव्यात, याचा विचार केला आहे.

याद्यांच्या कामास युनिक्स पद्धतीची छोटी साधने फार उपयोगी पडतात. ‘सॉर्ट’ हे साधन ओळी क्रमाने लावते, ‘कॉम’ दोन लावलेल्या याद्या ताडते, ‘डब्ल्यूसी’ मोजणी करते. आणि एकाचे उत्तर परस्पर दुसऱ्याच्या हाती देता येते. युनिक्सची रचना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये आरंभिली. साधने साखळीने जोडण्याची सोय डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये तीत आली. आपल्याकडील संगणक बहुधा विंडोजवर चालतात. तथापि १९९५ मध्ये सुरू झालेले सिग्विन, ‘गिट फॉर विंडोज’ या संचाबरोबर येणारे बॅश, किंवा मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये आणलेली लिनक्सची उपव्यवस्था, यांच्या योगे ही साधने विंडोजवरही विनामूल्य मिळतात. (आज्ञा रोमन लिपीतच टंकावयाच्या असतात, येथे त्या उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत.) मात्र विंडोजवर ही साधने दुसऱ्याच्या वाड्यात राहणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखी असतात. साधन आपल्या रीतीने चालते, घर आपल्या रीतीने. बहुतेक अडचणी साधन बिघडल्याने येत नाहीत, तर या दोन रीती जेथे एकमेकींस भिडतात तेथे येतात.

सर्व नावे एकदम गळतात त्याचे कारण प्रथम पाहू. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की आपण दांडी ओढतो. तिने गाडा प्रारंभी येतो आणि कागदही एक ओळ वर सरकतो. तारायंत्राच्या जातीच्या दूरमुद्रकात या दोन क्रियांसाठी दोन स्वतंत्र संकेत असत. एमएस-डॉस १९८१ मध्ये आले तेव्हा त्याने आपल्या पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे हे दोन्ही संकेत ओळीच्या शेवटी ठेवले, व विंडोजने ती परंपरा उचलली. युनिक्सने मात्र दुसरा संकेत तेवढा ठेवला. आता एक यादी विंडोजवरील एक्सेलमधून आली व दुसरी युनिक्सच्या साधनाने तयार झाली, तर पहिल्या यादीतील प्रत्येक नावाच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह चिकटलेले राहते. डोळ्यांस दोन्ही नावे सारखी दिसतात, पण ‘कॉम’च्या दृष्टीने ती भिन्न असतात.

हे पडताळून पाहण्यास मोठ्या यादीवर प्रयोग करू नये. दोन नव्या फाइली घ्याव्यात, प्रत्येकीत ‘पोशीर’ हा एकच शब्द लिहून एकदाच ओळ संपवावी, एक विंडोजच्या नोटपॅडमध्ये व दुसरी बॅशमधून, आणि दोहोंवर ‘डब्ल्यूसी’ चालवून बाइट मोजावेत. ‘पोशीर’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. युनिकोडमध्ये त्याचे पाच घटक होतात, कारण ओकार व दीर्घ ईकार स्वतंत्र गणले जातात. आणि यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट व्यापतो. म्हणजे शब्दाचे पंधरा बाइट झाले. युनिक्स रीतीच्या फाइलीत ओळीच्या शेवटाचा एक मिळून सोळा भरतील, विंडोज रीतीच्या फाइलीत सतरा. हा एका बाइटाचा फरक म्हणजेच सगळ्या वर्गाची गैरहजेरी होय. अडचण एवढी लहान करून पाहिली की ती पुष्कळदा आपण होऊन उघडी पडते. शंभर ओळींत तेच शोधण्यात दुपार जाते.

अदृश्य चिन्हे पाहण्यासाठी ‘कॅट’ या साधनास वजाचिन्हासह मोठ्या लिपीतील ‘ए’ जोडावा, असे सर्वत्र सांगितले जाते. इंग्रजी मजकुरास हा उपाय सोपा आहे: ओळीच्या शेवटी डॉलरचे चिन्ह दिसते, व त्याआधी टोपीचे चिन्ह आणि ‘एम’ दिसल्यास विंडोजचा संकेत आहे असे समजावे. मराठी मजकुरात मात्र येथे फसगत होते. हे साधन देवनागरीचा प्रत्येक बाइट ‘एम’ व आडवी रेघ यांनी सुरू होणाऱ्या खुणेत बदलून दाखवते, त्यामुळे सारी ओळ अनाकलनीय होते. त्यातही हलन्ताच्या शेवटच्या बाइटाची खूण ‘एम, रेघ, टोपी, एम’ अशीच निघते. ‘कर्जत’ लिहिले की रफारातील हलन्त तेथे येतो व शब्दाच्या मधोमध विंडोजचा संकेत असल्याचा भास होतो. ‘पोशीर’मध्ये जोडाक्षर नसल्याने तो होत नाही. शिवाय डॉलरही मध्ये मध्ये उमटतात. म्हणून टोपीच्या आधी ‘एम’ व रेघ आहे की नाही हे पाहावे. नसेल तरच तो ओळीचा संकेत. इतकी कसरत नको असेल तर ‘फाइल’ नावाचे साधन वापरावे. ते फाइल कोणत्या लेखनपद्धतीत आहे आणि ओळींच्या शेवटी कोणते संकेत आहेत, हे एका वाक्यात सांगते. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रत्येक ताडणीपूर्वी ही आज्ञा दोन्ही याद्यांवर चालवावी. तिला एक क्षणही लागत नाही.

उपाय सोपा आहे. ‘डॉस-टू-युनिक्स’ हे साधन ते जादा चिन्ह काढून टाकते. मात्र तसेच वापरल्यास ते मूळ फाइलच बदलते; त्यास वजाचिन्हासह ‘एन’ जोडून दोन नावे दिली, तर मूळ तशीच राहून शुद्ध प्रत निराळी तयार होते. नेहमी असेच करावे. दुसरी मोठी खबरदारी ‘सॉर्ट’विषयी आहे. यादी लावून उत्तर त्याच नावाच्या फाइलीत वळवण्याचा मोह होतो. परंतु बाणाच्या चिन्हाने वळवलेली फाइल कवच, म्हणजे आज्ञा स्वीकारणारा कार्यक्रम, आधी रिकामी करतो व मग साधनास हाक मारतो. ‘सॉर्ट’ला वाचण्यास काहीच उरत नाही आणि सारी यादी क्षणार्धात नष्ट होते. उत्तर नेहमी नव्या फाइलीत घ्यावे.

आता एकच नाव गळते त्या प्रकाराकडे वळू. प्रत्येक वेळी यादीतील पहिलेच नाव जुळत नसेल, तर फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण असण्याचा संभव फार. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात जतन केलेल्या फाइलीत ती असते. विंडोजचे नोटपॅडही यूटीएफ-८ निवडल्यास ती घालत असे. २०१९ च्या विंडोज १० पासून ते मुळातच खुणेविना जतन करते. ही खूण निरर्थक नव्हे: तिच्यामुळेच एक्सेलला मजकूर युनिकोडमध्ये आहे हे कळते व मराठी नीट दिसते. पण युनिक्सची साधने तिला पहिल्या नावाचाच भाग समजतात. यादीस शीर्षकाची ओळ असेल तर शीर्षकावर निभावते. नसेल तर पटावरील पहिल्या मुलाचे नाव दर वेळी बळी पडते. ‘डॉस-टू-युनिक्स’ ही खूणही काढून टाकते.

याहून सूक्ष्म दोष मराठीचा स्वतःचा आहे व त्याचे खापर विंडोजवर फोडणे न्याय्य होणार नाही. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन प्रकारांनी टंकता येते: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्यास हलन्त जोडतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. कागदावर दोन्ही एकसारखी उमटतात. तसेच ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वीच्या पद्धतीने ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले नाव त्याच्याशी जुळत नाही. दोन शाळांतील शिक्षकांचे कळफलक भिन्न असले की हा प्रसंग येतो. अशा वेळी शंका असलेली दोन नावे निरनिराळ्या फाइलींत ठेवून त्यांचे बाइट मोजावेत. संख्या भिन्न आली तर लेखन भिन्न आहे. सर्व शाळांनी एकच कळफलक वापरावा हा खरा उपाय. तोपर्यंत ‘सेड’ या साधनाने एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करून घ्यावे.

मराठी अक्षरांची दुर्दशा झालेली दिसली तर घाबरून यादी पुन्हा टंकण्यास बसू नये. आधी दुर्दशेचा प्रकार पाहावा. चौकोन दिसत असतील तर बहुधा केवळ टंक नाही. मजकूर सुरक्षित आहे. टोप्या व स्वरचिन्हे असलेली युरोपीय अक्षरे दिसत असतील तर मजकूर यूटीएफ-८ मध्ये असून दुसऱ्याच पद्धतीने वाचला जात आहे; तोही सहसा परत मिळतो. पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसल्या व त्या फाइलीत जतन झाल्या, तर अक्षरे कायमची गेली. मूळ प्रतीकडेच जावे लागेल. विंडोज १० व ११ बरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये एका कार्यक्रमाचा मराठी मजकूर दुसऱ्या बाहेरील साधनाकडे साखळीने पाठवला की नेमके असे घडते. त्याच पॉवरशेलमध्ये बाणाने फाइलीत वळवलेला मजकूर यूटीएफ-१६ या निराळ्या पद्धतीत लिहिला जातो, व मग ‘ग्रेप’ला त्यात काहीच सापडत नाही. यास्तव याद्यांचे काम बॅशच्या खिडकीतच करावे, हे बरे.

खिडकीचा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. विंडोजजवळ ‘सॉर्ट’ व ‘फाइंड’ या नावांची स्वतःची साधने आहेत. युनिक्सचे ‘फाइंड’ फाइली शोधते, विंडोजचे ‘फाइंड’ फाइलीतील शब्द शोधते; एकाची आज्ञा दुसऱ्यास दिली की प्राचलांचे स्वरूप चुकल्याची तक्रार येते व शिक्षकास वाटते की आपलेच टंकन चुकले. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर’ व बॅशमध्ये ‘टाइप’ला वजाचिन्ह आणि ‘ए’ जोडून साधनाचे नाव दिले, तर हाकेस कोण ओ देणार आहे ते कळते. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल तर ते नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे. एकेरी चिन्हे कमांड प्रॉम्प्ट मानत नाही. परवानगी नाकारल्याचा संदेश आला तर ती यादी एक्सेलमध्ये उघडी तर नाही ना, हे प्रथम पाहावे. उघडी फाइल विंडोज सहसा दुसऱ्यास बदलू देत नाही.

‘कॉम’ दोन्ही याद्या एकाच नियमाने लावलेल्या असतील तरच खरे उत्तर देते. म्हणून दोन्ही त्याच संगणकावर, त्याच खिडकीतून लावाव्यात. हा क्रम आपल्या वर्णमालेचा असेलच असे नाही. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्ये बसतो, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ जोडाक्षरे म्हणून ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात जातात. ताडणीस त्याने बाध येत नाही. पण अशी यादी मुलांपुढे अनुक्रमाचा नमुना म्हणून ठेवू नये.

एवढे झाल्यावर ताडणी पुन्हा करावी. निकाल मान्य करण्यापूर्वी, वर्गात हजर असलेल्या एका मुलाचे व खात्रीने बाहेरगावी असलेल्या एका मुलाचे नाव त्यात योग्य बाजूस पडले आहे ना, हे हाताने तपासावे. दोन्ही नावे बरोबर पडली, तर न जुळलेल्या नावांची यादी वाडीवार लिहून काढावी आणि दप्तरात न ठेवता त्याच आठवड्यात त्या घरी जाणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्यावी.