एका 'टेक'ची वाटणी

लिस्बनमधल्या एका भाषांतरकार बाईंच्या पडद्यावर एक्सेलची फाइल उघडी आहे. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्यात पोर्तुगीज भरायचं. सतराव्या ओळीत एकच शब्द: 'टेक'. मागे-पुढे काही नाही. आरोग्याच्या मोबाइल ॲपमधलं बटण आहे एवढंच ठाऊक. पण ते गोळ्यांच्या वेळा सांगणाऱ्या पानावरचं, कॅमेऱ्याचं, की दवाखान्याचा रस्ता दाखवणाऱ्या नकाशाचं? गोळी असेल तर 'तोमार', फोटो असेल तर 'तिरार', कुठे घेऊन जायचं असेल तर 'लेवार'. बाई ओळ पिवळी करतात, कंपनीला प्रश्न पाठवतात आणि अठराव्या ओळीकडे वळतात.

मुळात 'टेक' इंग्रजीचा घरचा शब्दच नव्हे. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांच्या 'ताका'वरून तो आला आणि जुन्या इंग्रजीतल्या 'निमन'ला त्याने हुसकावून लावलं. निमनचा भाऊ जर्मनमध्ये 'नेमेन' होऊन सुखात आहे. इंग्रजीत त्याची खूण उरली ती 'नम', म्हणजे बधिर, या शब्दात. मूळ अर्थ, हिरावून घेतलेला.

मराठी माणसाला पोर्तुगीजांची ही वाटणी फारशी परकी वाटू नये. फोटो आपणही काढतो, आणि 'तिरार' म्हणजे काढणंच: खिशातून पाकीट, अंगातला शर्ट, भिंतीवरचा खिळा. औषध घेतो, चहा घेतो, तिथे 'तोमार'. छत्री सोबत नेतो ते 'लेवार', आणि इकडे आणतो ते 'त्राझेर'. 'तोमार', 'तिरार', 'लेवार' यांच्या शेवटचा 'आर'सुद्धा आपल्या कानांवर दर महिन्याला पडतो: 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं, त्याचाच आपला पगार.

सगळंच जुळतं असं मात्र नाही. आंघोळ आपण करतो, पोर्तुगीज माणूस ती 'घेतो'. परीक्षेचं तर त्रांगडंच. विद्यार्थी इंग्रजीत ती 'टेक' करतो, पोर्तुगीजमध्ये 'फाझेर', म्हणजे करतो. मराठीत तो ती देतो, आणि घेतात ते मास्तर.

बाईंचं काम फक्त पोर्तुगालपुरतं आहे. ब्राझीलची फाइल वेगळी, भाषांतरकारही वेगळा; आणि तसंच हवं. लिस्बनमध्ये बस धरायची तर 'आपान्यार', साओ पावलोत 'पेगार'. ब्राझीलमध्ये 'आपान्यार'चा एक रोजचा अर्थ मार खाणं असा आहे. सर्दीचंही तेच: लिस्बनकराला होते ती 'कोंश्तिपासांव'. इंग्रजीवर पोसलेल्या डोळ्यांना त्यात बद्धकोष्ठ दिसतं, आणि आरोग्याच्या ॲपमध्ये हा घोळ परवडणारा नाही. विमान उडतं तिथेही इंग्रजीत 'टेक'च दडलेला असतो. पोर्तुगीज सरळ 'डिंक सुटला' अशा अर्थाचं क्रियापद वापरून मोकळे होतात.

संध्याकाळी कंपनीचं उत्तर येतं. बटण कुठलं? तिन्ही. गोळ्यांचं, कॅमेऱ्याचं आणि नकाशाचंही. इंग्रजीत चालत होतं म्हणून प्रोग्रामरने एकच शब्द तिन्हीकडे जोडला होता. बाई परत लिहितात: सतराव्या ओळीच्या तीन ओळी करून द्या.