विनामूल्य गेमचे अर्थकारण आणि वनजिल्ह्यांतील खेळाडू

मोबाइलवरील बहुतेक लोकप्रिय गेम विनामूल्य मिळतात, तरीही त्यांच्या निर्मात्यांचा खर्च भरून निघतो आणि काहींना भरघोस नफाही होतो. हे कसे घडते याचा उलगडा किंमत, जाहिरात आणि लाँच, म्हणजे गेम बाजारात उतरवण्याची पद्धत, या तीन निर्णयांच्या परस्परसंबंधातून होतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील खेळाडू समोर ठेवला की हा संबंध अधिक स्पष्ट दिसतो. बल्लारपूर-राजुरा पट्ट्यातील कोळसा खाणीच्या कामगाराला दरमहा पगार मिळतो, तर भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील कुटुंबाच्या हाती रोख रक्कम मुख्यतः मोहफुले, तेंदूपाने आणि धान यांच्या हंगामात येते. त्यामुळे एकच किंमत दोघांना सारखी परवडत नाही.

स्मार्टफोनवरील अनेक गेम प्रारंभी ठरावीक किमतीला विकले जात. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने विनामूल्य ॲपमध्येही ‘इन-ॲप खरेदी’ला, म्हणजे खेळता खेळता नाणी, पोशाख किंवा पुढचे टप्पे विकत घेण्याच्या सोयीला, परवानगी दिली आणि प्रवेश फुकट ठेवून आतील वस्तू विकण्याची पद्धत रूढ होत गेली. या पद्धतीत पैसे देणारे खेळाडू थोडेच असतात, शिवाय त्यांच्या रकमेतून ॲप स्टोअरचा वाटाही वजा होतो. गूगल प्लेने जुलै २०२१ पासून विकसकाच्या वार्षिक उत्पन्नातील पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के आणि त्यापुढील रकमेवर ३० टक्के असा दर लागू केला.

उरलेल्या बहुसंख्य खेळाडूंकडून उत्पन्न मिळते ते जाहिरातींमधून. काही जाहिराती पडद्याच्या कडेला पट्टीसारख्या दिसतात, काही दोन डावांच्या मध्ये पूर्ण पडदा व्यापतात, तर ‘रिवॉर्डेड’ जाहिरात खेळाडू स्वतःहून पाहतो आणि त्या बदल्यात त्याला नाणी किंवा आणखी एक संधी मिळते. जाहिरातदार श्रीमंत देशांतील प्रेक्षकासाठी जास्त रक्कम मोजतात, म्हणून भारतात तेवढेच उत्पन्न मिळवण्यासाठी खेळाडूंची संख्या प्रचंड वाढवावी लागते. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ याचे ठळक उदाहरण आहे. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला होता. गेम ओळखीचा होता, इंटरनेटशिवाय एकाच फोनवर चौघांना खेळता येत होता, आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याचा प्रसार झपाट्याने वाढला. क्षीण नेटवर्कच्या गावांना अशी रचना सोयीची असते. मात्र नेटवर्क नसेल तर जाहिरातही सहसा पोहोचत नाही, म्हणून निर्मात्याला तेथील खेळाडूकडून उत्पन्नापेक्षा प्रसाराचाच लाभ अधिक होतो.

लाँचचा हिशेबही खेळाडूंची संख्या आणि उत्पन्न यांच्याच आकड्यांवर उभा असतो. प्रथम एखाद्या मर्यादित प्रदेशात ‘सॉफ्ट लाँच’ करून किती खेळाडू दुसऱ्या आणि सातव्या दिवशी परत येतात हे तपासले जाते, आणि एक खेळाडू मिळवण्याचा जाहिरातखर्च त्याच्याकडून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा कमी आहे असे दिसल्यावरच मोठा खर्च केला जातो. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस बॅटल रॉयल’साठी आधी पूर्वनोंदणी आणि मर्यादित चाचणीचा मार्ग घेतला, १६ ऑक्टोबर २०२४ रोजी गेम प्रकाशित झाला तेव्हा पूर्वनोंदणीने १ कोटीचा टप्पा ओलांडलेला होता. या वनजिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीचा व्यवहार याच्या उलट आहे: वडसा येथील नाटक कंपनीशी गावचे मंडळ ठरावीक रकमेचा करार करते आणि तिकीटविक्रीची जोखीम स्वतःकडे घेते, तर गेमच्या निर्मात्याला सारा खर्च आधी करून तो थेंबाथेंबाने वसूल करावा लागतो. ही जोखीमच त्याला खेळाडूचा अधिकाधिक वेळ मिळवण्याकडे ढकलते.

म्हणूनच येथे नियमनाची आवश्यकता निर्माण होते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती यांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारी तरतूद आहे. तथापि पालकाच्या फोनवर मूल खेळत असेल, तर पडद्यापलीकडच्या कंपनीला ते प्रौढच भासते. त्यामुळे खरेदीला पासवर्ड लावणे ही घरातील दक्षता कायद्याइतकीच महत्त्वाची ठरते.

निर्मात्यांचेही कर्तव्य आहे. सिरोंच्यात तेलुगू, कोरचीत छत्तीसगढी, भामरागडात माडिया आणि चामोर्शीच्या काही गावांत बांगला बोलली जाते. अशा भागात चाचणी घेतली तर जड फाइल, न समजणाऱ्या सूचना आणि डेटा खाणारे व्हिडिओ हे दोष लाँचपूर्वीच उघड होतील. विनामूल्य गेमचे मोल खेळाडू वेळ, डेटा आणि लक्ष यांतून चुकते करतो, आणि हे मोल त्याला आधीच स्पष्टपणे सांगणारा व्यवसायच न्याय्य म्हणता येईल.