भारतातील जपानी ॲनिमेची उपलब्धता

ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार होणारे ॲनिमेशनपट व मालिका. जपानबाहेरील प्रेक्षकांपर्यंत ही निर्मिती आज प्रामुख्याने इंटरनेटवरून पोहोचते. मात्र ती कोणत्या देशात, केव्हा आणि कोणत्या भाषेत पाहता येईल, हे प्रसारणहक्कांच्या करारांवर ठरते.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण म्हणजे 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' हा भारत-जपान सहनिर्मित चित्रपट. माहितीपटाच्या निमित्ताने १९८३ मध्ये भारतात आलेले युगो साको रामकथेकडे आकृष्ट झाले. त्यांनी राम मोहन व कोइची सासाकी यांच्यासह या चित्रपटाचे दिग्दर्शन केले. जानेवारी १९९३ मध्ये तो दिल्लीतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. चित्रपटगृहांत मात्र त्या वेळी त्याचे व्यापक प्रदर्शन झाले नाही. सीताहरणाची कथा परंपरेने ज्या पंचवटीशी जोडली जाते, त्या नाशिकमधील प्रेक्षकांनाही तो प्रामुख्याने दूरचित्रवाणीवर पाहावा लागे. २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला, तेव्हा हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी आवृत्त्या उपलब्ध होत्या; मराठी नव्हती.

भारतीय मुलांना 'डोरेमॉन' आणि 'शिन-चॅन' प्रथम हिंदीतून भेटले, तेही दूरचित्रवाणीवर. इंटरनेट आल्यावर चाहते स्वतःच उपशीर्षके तयार करून भाग प्रसृत करू लागले. हे काम परवानगीविना चाले. पण परदेशात प्रेक्षकवर्ग आहे, हे त्यातूनच दिसून आले. २००६ मध्ये सुरू झालेल्या क्रंचीरोल या संकेतस्थळावरही आरंभी अशीच सामग्री असे. २००९ पासून टीव्ही टोकियोशी झालेल्या करारानुसार तेथे 'नारुतो शिप्पुदेन'चे भाग जपानमधील प्रसारणानंतर लगेच अधिकृतपणे दिसू लागले. २०२१ मध्ये ही सेवा सोनी समूहाकडे गेली.

एखाद्या मालिकेचे हक्क सहसा प्रदेशवार विकले जातात. प्रेक्षकाच्या आयपी पत्त्यावरून त्याचा देश ओळखला जातो आणि तेथील हक्क नसल्यास चित्रफीत उघडत नाही. त्यामुळे अमेरिकेत दिसणारी मालिका नाशिकमध्ये दिसेलच असे नाही. चित्रपटगृहांबाबत प्रेक्षकांच्या मागणीचाही परिणाम झालेला आहे: सुमारे ५० हजार सह्यांच्या ऑनलाइन याचिकेनंतर माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात प्रदर्शित झाला.

मराठी भाषक बहुधा हिंदी ध्वनिमुद्रण किंवा इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे ॲनिमे पाहतात. इंग्रजीत नात्यांची व आदराची छटा पुष्कळदा हरवते. जपानीत धाकटे भावंड थोरल्या भावाला 'ओनी-चान' म्हणते. इंग्रजी उपशीर्षकात अनेकदा तेथे भावाचे नाव येते. मराठीत त्यासाठी 'दादा' हा नित्याचा शब्द आहे. 'सेन्सेई'साठीही 'सर', 'बाई' किंवा जुन्या वळणाचे 'गुरुजी' सहज वापरता येतात.